शिते मिरु म्हणजे करून बघ

आमच्या शॉपमध्ये एक जुनं जपानी टर्निंग मशीन, म्हणजे लेथ, आहे. सेकंडहँड आलेलं. पॅनेलवरच्या पट्ट्या मूळच्या जपानीतल्याच. आल्या आल्या कुणीतरी मार्करनं त्यांच्या वर इंग्रजीत लिहून ठेवलं होतं, पण कूलंटनं बरबटलेल्या हातांनी ते दोन वर्षांत पुसून टाकलं. पाटीवर कुठली लिपी वर आणि कुठली खाली यावरून आमच्या बेळगावात आजवर काय काय झालंय ते सांगायला नको. या पॅनेलवर मात्र तिसरीच लिपी सुखानं नांदत होती आणि तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण ती कुणालाच वाचता येत नव्हती.

तक्रार झाली ती एका नाईट शिफ्टला. मशीन लावून देणारा सेटर घरी गेलेला. मला सिलेक्टर मॅन्युअलवर न्यायचा होता, तो गेला ऑटोवर. दोन्ही पट्ट्यांवर दोन-दोन अक्षरं, त्यातलं दुसरं अगदी सारखं आणि पहिलं बोटांनी घासून गेलेलं. सायकल स्टार्ट दाबलं, टूल येऊन जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, आदळलं, टूलच्या टोकाला बसवलेल्या इन्सर्टचे तुकडे दारावर. माणूस कुणी सापडला नाही एवढंच नशीब. सकाळी जे ऐकून घ्यायचं ते ऐकलं आणि घरी जाताना फोनमध्ये त्या दोन पट्ट्यांचे फोटो काढून नेले.

फोनचा कॅमेरा अशा पट्ट्यांचं भाषांतर करून देतो. पण तेलाचा थर, वर ट्यूबलाइटची तिरीप. एकदा तो ‘हात’ म्हणाला, एकदा ‘दूध’. मग तीच अक्षरं जिशोवर बोटानं काढून शोधली. जिशो म्हणजे जपानीत शब्दकोशच, आणि त्याच नावाची ही वेबसाइट फुकट आहे. अक्षर माहीत नसेल तर स्क्रीनवर बोटानं गिरवायचं, किंवा त्याचे तुकडे निवडून शोधायचं. तिथं कळलं की दुसरं अक्षर ‘दोउ’, म्हणजे हलणं. त्याच्या आधी ‘हात’ आला की शुदोउ, हातानं हलणारं. ‘स्वतः’ आला की जिदोउ, आपोआप हलणारं. मॅन्युअल आणि ऑटो. इतकं सरळ होतं ते! त्या रात्री हे माहीत असतं तर एक इन्सर्ट वाचलं असतं, आणि ही भाषा शिकायचं माझ्या डोक्यातही आलं नसतं.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. फोनवर एक खेळकर अ‍ॅप घेतलं. रोज दहा मिनिटं, बरोबर आलं की टिंग वाजतं. दीड महिना टिंग वाजवून ‘सफरचंद खातो’ आणि ‘तो डॉक्टर आहे’ एवढं यायला लागलं. अ‍ॅपला दोष देत नाही, सवय लागली ती त्याच्यामुळेच. पण तिथं सगळं इंग्रजीतून होतं. जपानी वाक्य आलं की मी मनात त्याचं इंग्रजी करायचो, इंग्रजीचं मराठी, आणि मग समजलं असं समजायचो. अनगोळहून उद्यमबागेला जायला खानापूरवरून फिरून जावं तसलं.

अक्षरांपासून नीट सुरुवात करायची ठरवली. जपानीत तीन लिप्या एकत्र चालतात: हिरागाना आणि काताकाना, मूळ अक्षरं दोन्हींत ४६-४६, आणि वर चिनी चित्राक्षरं, कांजी. हा शब्द पहिल्यांदा घरात उच्चारला तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “कांजी कशाला? ताप आलाय काय रे?”

हिरागाना लक्षात ठेवायला तोफुगू नावाच्या साइटवर चित्रांच्या युक्त्या आहेत, चांगल्या आहेत, पण त्या इंग्रजी शब्दांवर बेतलेल्या. मी त्या सोडून स्वतःच्या केल्या. ‘कु’ हे अक्षर आ वासलेल्या जबड्यासारखं दिसतं, म्हणून कुत्रा. ‘शि’ म्हणजे खाली वळलेला नुसता आकडा, म्हणून शिंकाळं. ‘नो’ गोलात आडवी रेघ मारल्यासारखं, म्हणून नो पार्किंगची पाटी. चार दिवसांत निम्मी अक्षरं पाठ झाली. काताकानानं मात्र रडवलं. त्यात ‘शि’ आणि ‘त्सु’ म्हणजे जुळे भाऊ. दोघांनाही दोन आखूड रेघा आणि एक लांब. शि मध्ये आखूड रेघा एकाखाली एक आणि लांब रेघ खालून वर जाते. त्सु मध्ये त्या शेजारी शेजारी आणि लांब रेघ वरून खाली येते. कागदावर स्वतः पन्नास वेळा काढल्याशिवाय हे डोळ्याला दिसत नाही. पण काताकानाचं बक्षीस लगेच मिळतं, कारण परदेशी शब्द त्यातच लिहितात. तीन आठवड्यांनी पॅनेलपुढं उभा राहून मी मोठ्यानं वाचलं: कूरान्तो. चाक्कु. मोओताआ. कूलंट, चक, मोटर! इतके दिवस ते मशीन आमच्याशी इंग्रजीतच बोलत होतं.

अक्षरांचा तक्ता मी कपाटाला चिकटवला होता. माझी मुलगी तेव्हा दुसरीत, मराठी आणि कन्नड दोन्ही मुळाक्षरं एकदम गिरवायची. ती तक्त्यापुढं उभी राहिली.

“पप्पा, हे अ इ उ ए ओ आहे?”

“होय की.”

“मग दीर्घ कुठायत? आणि क नंतर ख ग घ?”

तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तक्त्याच्या ओळी अशा जातात: अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. आपली वर्णमालाच, मधली काही अक्षरं गाळलेली. पुढं वाचलं तेव्हा कळलं की हा योगायोग नाही. संस्कृत आणि तिची सिद्धम् लिपी शिकणाऱ्या जपानी बौद्ध भिक्खूंनी आपल्या अक्षरांना हा क्रम दिला. ‘ह’ची ओळ ‘न’ आणि ‘म’च्या मध्ये का, याचंही उत्तर आहे: तो उच्चार जुन्या जपानीत ‘प’ होता, म्हणून तो प-वर्गाच्या जागेवर बसलाय. आणि ख ग घ? मुलीला दाखवलं. क वर दोन बारक्या रेघा दिल्या की ग, त वर दिल्या की द. ह वर दोन रेघा दिल्या की ब, आणि छोटं गोल दिलं की प. “सोपंय,” म्हणाली आणि खेळायला गेली.

इथून मला एक नाद लागला. इंग्रजीतून शिकवणारे ज्या गोष्टीला ‘हे अवघड आहे, धीर धरा’ म्हणून हात घालतात, तिथं थांबायचं आणि विचारायचं: हे आपल्यात आहे का? बहुतेक वेळा असतं. ‘त्सु’ म्हणायला त्यांना किती सराव! आपण चुलता म्हणताना तोंडातून काय काढतो? त्यांचा ‘न’ पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो, याच्यावर पानभर मजकूर. आपला अनुस्वार आंबा, अंगण आणि अंत या तिन्हींत वेगळाच लागतो, त्यावर शाळेत कुणी आपला तास घेतला नाही. क्रियापद शेवटी येतं म्हणून ते हैराण असतात. आपण ते पहिल्यापासून शेवटीच ठेवतोय. वाक्याच्या शेवटी येणारा ‘ने’ समजावताना त्यांना परिच्छेद लागतो. ओइशिइ ने. चांगलं झालंय नं. संपलं.

सगळ्यात मोठी गंमत क्रियापदाच्या शेवटी ‘ते’ लागून होणाऱ्या रूपाची. ताइ किम यांचं व्याकरण इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं, आणि मी पाहिलेल्यात ते सगळ्यात सरळ. ते जपानीला जपानीच्या अंगानं समजावतात, इंग्रजीच्या साच्यात कोंबत नाहीत. तिथं एका संध्याकाळी वाचलं: ‘ताबेते मिरु’. ताबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे बघणे, आणि दोन्ही मिळून अर्थ प्रयत्न करून पाहण्याचा. मी ते वाक्य दोनदा वाचलं. खाऊन बघणे! शिते मिरु, करून बघणे. मोत्ते कुरु, घेऊन येणे. मोत्ते इकु, घेऊन जाणे. शिते ओकु, करून ठेवणे, आणि यातला ‘ओकु’ म्हणजे खरंच ठेवणे. (मराठीत त्याचा भलताच अर्थ होतो, पण त्यामुळेच तो मी कधी विसरलो नाही.)

दुसऱ्या दिवशी हे शेजारच्या मशीनवरच्या अण्णांना सांगितलं. अण्णा कन्नड, वयानं मोठे, आमच्याशी मराठीत बोलतात आणि चिडले की कन्नडमध्ये. ऐकून म्हणाले, “त्यात काय आलं? माडि नोडु. माडि इडु. आमच्यातबी तेच की.” खरंच. करून बघ, माडि नोडु, शिते मिरु. मग मी त्यांना दुसरं वाक्य दिलं: येतो म्हणून सांगितलं. ते म्हणाले, “बर्तीनि अंत हेळिदा.” जपानीत ‘कुरु तो इइमाशिता’. येतो, बर्तीनि, कुरु. म्हणून, अंत, तो. सांगितलं, हेळिदा, इइमाशिता. तिन्ही भाषा एकाखाली एक लिहिल्या तर रकाने जुळतात. असण्याला जपानीत माणसांसाठी ‘इरु’ म्हणतात हे सांगितल्यावर तर अण्णांनी मशीनच थांबवलं. “इरु? अदु नम्म कन्नड!” कन्नडमध्येही इरु म्हणजे असणे, राहणे. तो शब्द निव्वळ योगायोग आहे. सुसुमु ओनो नावाच्या जपानी भाषातज्ज्ञानं तमिळ आणि जपानीचं नातं मांडलं होतं, पण ते बहुतेक अभ्यासकांनी मान्य केलेलं नाही. अण्णांनी मात्र त्याच दिवशी मान्य करून टाकलं.

सीमाभागात वाढलेल्या माणसाला चार भाषांचं कौतुक कुणी करत नाही. उलट कुठली तुझी, असं विचारतात. माझ्या या अभ्यासात त्या चारींतल्या इंग्रजीपेक्षा बाकीच्याच जास्त उपयोगी पडल्या.

हिंदीचाही उपयोग झाला. एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण संस्थेचे ‘सोपी जपानी’चे पाठ हिंदीतूनही आहेत. ४८ पाठ, ताम नावाची व्हिएतनामी विद्यार्थिनी जपानला शिकायला येते आणि तिच्याबरोबर आपण शिकतो. मी ते डाउनलोड करून गाडीवर ऐकायचो. रेल्वेगेट पडलं की अर्धा पाठ तिथंच व्हायचा. पुढंमागं लोक हॉर्न मारत असायचे आणि मी हेल्मेटच्या आत ‘सुमिमासेन, सुमिमासेन’, म्हणजे माफ करा, माफ करा, म्हणत असायचो. पाठ्यपुस्तक म्हणून जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ घेतलं. तीन भाग, पीडीएफ आणि ऑडिओ दोन्ही फुकट. त्यात डॉक्टर, दुकान, कचरा कुठल्या वारी टाकायचा असली रोजची कामं आहेत. त्याच संस्थेचं ‘मिनातो’ नावाचं पोर्टल आहे, त्यावर आपापलं शिकायचे कोर्सही फुकट मिळतात. यूट्यूबवर मराठीतून शिकवणारे काही भेटले. आवडले, पण मी तोवर माझ्या वाटेला लागलो होतो. क्लासला पैसे गेले नाहीत. गेले ते वह्यांना आणि डेटा पॅकला.

शब्दांसाठी अंकी. हे कार्डांचं अ‍ॅप आहे, अँड्रॉइडवर फुकट. जे कार्ड आलं ते काही दिवसांनी विचारतं, पुन्हा आलं की आणखी उशिरा. चुकलं की लगेच. लोकांनी तयार केलेले गठ्ठे मिळतात. मी तसला एक घेतला आणि महिन्याभरात टाकला, कारण कार्डाच्या मागं पुन्हा इंग्रजी. मग स्वतः केली. एका बाजूला जपानी, दुसऱ्या बाजूला मराठी, तेही घरचं. ‘योकेरु’च्या मागं ‘चुकवणे, बाजूला सरणे’. हा शब्द टाकताना आमच्या भिंतीवरचं पोस्टर आठवलं. पोका-योके! पोका म्हणजे घोळ, तो टाळायची योजना म्हणजे पोका-योके. दहा वर्षं ऑडिटच्या आधी हा शब्द आम्ही मंत्रासारखा म्हणत होतो. ‘मुदा’ही तसाच, म्हणजे वाया जाणं. आमच्याकडं मीटिंगमध्ये सगळे त्याला ‘मुद्दा’ म्हणतात. काही मीटिंगांत दोन्ही अर्थ लागू पडतात.

अंकीचा एक नियम आहे: रोज. मी तो गणपतीत मोडला. बेळगावचा गणपती म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. मंडळाच्या कामात अकरा दिवस अ‍ॅप उघडलंच नाही. बाराव्या दिवशी उघडलं तर ६४० कार्डं वाट बघत होती. बघूनच बंद केलं. मग आणखी आठ दिवस भीतीनं उघडलं नाही, आकडा वाढतच गेला. शेवटी नवी कार्डं पूर्ण थांबवली, जुनी रोज साठ-साठ काढली, तीन आठवडे लागले. बायको म्हणाली, “तुझं कर्ज फिटलं काय रे?”

मराठीनं जिथं फसवलं तेही सांगतो. ‘घरात आहे’ आणि ‘घरात जेवतो’, दोन्हींत आपला ‘त’. जपानीत नुसतं असणं असेल तर ‘नि’, तिथं काही करणं असेल तर ‘दे’. इए नि इमासु, इए दे ताबेमासु. ही चूक मी इतक्या वेळा केली की वहीच्या पुठ्ठ्यावर दोन वाक्यं लाल पेननं लिहिली. आपलं ‘ऊन’ सगळ्या क्रियापदांना सरळ लागतं, त्यांचं ‘ते’ वाकडंतिकडं: काकु, काइते, नोमु, नोन्दे, इकु, इत्ते. मोजायचं तर आणखी वेगळं. लांब वस्तूंना ‘होन’, पण एक असेल तर इप्पोन, दोन निहोन, तीन साम्बोन. ह, ब, प तिन्ही हजर. मुलगी तिथं असती तर म्हणाली असती, गोल दिलंय नाहीतर रेघा दिल्यात.

आणि कांजी. त्याला कुठलीच भाषा मदत करत नाही, हात दुखेपर्यंत लिहिणं हाच उपाय. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजी २१३६ आहेत. परीक्षेच्या पहिल्या पायरीला साधारण शंभर आल्या तरी पुरतात म्हणतात. माणसाशेजारी झाड काढलं की विश्रांती. माणसाशेजारी ते मशीनवरचं ‘हलणं’ काढलं की काम करणं. ही दोन कधी विसरलो नाही, कारण शिफ्टमध्ये दुसरं सतत चालू असतं आणि पहिल्याची वाट बघतो.

परीक्षेला बसायचं ठरवलं ते अण्णांमुळं. “सर्टिफिकेट काय हाय ह्याचं?” असं विचारत राहिले. जेएलपीटी म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, तिच्या पाच पायऱ्या आहेत, एन-५ सगळ्यात खालची, एन-१ वरची. बोलायला किंवा लिहायला काही नसतं, सगळी उत्तरं निवडायची. केंद्र बेळगावात नाही. मी पुणे घेतलं, कारण रात्री बसलं की सकाळी पोचतो. फॉर्म काही महिने आधीच भरावा लागतो, हे ध्यानात ठेवायचं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी परीक्षा. बसमध्ये निपाणी येईपर्यंत कार्डं बघितली, कोल्हापूरला चहा घेतला, पुढं झोपलो ते साताऱ्याच्या पुढं जाग आली.

वर्गात माझ्या दोन्ही बाजूंना कॉलेजची पोरं. माझ्या हातावर कूलंटचे डाग होते, ते मी खिशात घालून बसलो. शब्दांचे २० मिनिटं, व्याकरण आणि वाचनाचे ४०, ते बरे गेले. ‘नि’ का ‘दे’ आलंच. पुठ्ठा डोळ्यांपुढं आला आणि सुटलो. मग ऐकणं, ३० मिनिटं. रेकॉर्डिंग एकदाच लागतं. गाडीवर पाठ ऐकताना मी मागं नेऊन पुन्हा ऐकायचो, ती सवय इथं नडली. एका प्रश्नात तारीख विचारली. चार तारीख ‘योक्का’, आठ तारीख ‘योओका’. एकात जोडाक्षर, एकात लांब स्वर. मराठी माणसाला यात अडचण यायला नको, असं मी घरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. वर्गात ते कानावरून असं गेलं की आजपर्यंत मला माहीत नाही ती कुठली तारीख होती. मी आठ केलं. त्यावर विचार करत बसलो तेवढ्यात पुढचा प्रश्न अर्धा होऊन गेलेला.

निकाल जानेवारीच्या शेवटी इंटरनेटवर लागला. एकूण १८०पैकी ८० लागतात, पण शिवाय ऐकण्यात ६०पैकी निदान १९ आणि बाकीच्यात १२०पैकी ३८ असं वेगवेगळंही पास व्हावं लागतं. मला बाकीच्यात ८१. ऐकण्यात २१. दोन मार्कांनी वाचलो. पास झालो हे आईला सांगितलं तर म्हणाली, “आता जपानला जाणार काय?” नाही म्हटलं. “मग एवढं कशाला केलास?”

आता एन-४ चालू आहे. या वेळी पहिल्या दिवसापासून ऐकतो ते एकदाच, मागं न नेता. समजलं नाही तर पुढं जाऊ देतो, फार त्रास होतो. पॅनेलवरच्या पट्ट्या मी नव्या करून लावल्यात: वर मूळ जपानी, खाली कन्नड आणि मराठी, लहान-मोठं न करता एकाच मापात. नवीन पोरगा आला की अण्णाच त्याला समजावतात, हा हात, हा स्वतः, हे हलणं.

अण्णा जपानीतला एक शब्द मात्र माझ्यापेक्षा चांगला वापरतात. मी त्यांना एकदा ‘शिते शिमात्ता’ सांगितलं होतं, म्हणजे करून बसलो, माडि बिट्टे. त्यातलं नुसतं ‘शिमात्ता’ जपानी लोक हातून घोळ झाला की तोंडातून काढतात. परवा त्यांचा एक जॉब पाच शतांश अंडरसाइज गेला. मायक्रोमीटर डोळ्याला लावून बघितलं, खाली ठेवलं, आणि सगळ्या शॉपला ऐकू जाईल असं ओरडले, “शिमात्ता!”

क्वालिटीचा पोरगा धावत आला आणि विचारायला लागला, कोण आलंय म्हणून.